तालुक्यात प्रथम

नलूआत्या बर्गे माणूस ओळखायच्या तो लग्नाच्या अल्बमवरून. अल्बम हातात पडला की प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो, नवरानवरी मागाहून. याबद्दल नलूआत्यांची काही तक्रार नव्हती. स्वतःचं तोंड सापडल्यावर माणूस पान उलटतो की तिथंच रेंगाळतो, शेजारच्याला कोपर मारून ‘हे बघ’ म्हणतो का, जाता जाता तेच पान पुन्हा उघडतो का, एवढंच त्या बघायच्या आणि मनात जमाखर्च मांडून ठेवायच्या. कोरेवाडीत आनंदी मंगल कार्यालय चालवता चालवता अर्ध्या तालुक्याचा जमाखर्च त्यांच्याकडे गोळा झाला होता. पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून कुणाचा मामा मांडवाच्या दाराशी रुसून बसतो, कुणाची काकू आहेराची साडी चारचौघांत उलगडून बोटांनी चाचपते, कोण स्वतःच्या पानाकडे न बघता शेजारच्याच्या पानात जिलब्या किती पडल्या ते बघतो. संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. कार्यालयवाल्याने संशय घेतला नाही तर चांदीच्या वाट्या घरी परत जातात खऱ्या, पण दुसऱ्याच्या घरी.

त्यामुळे हेच काम करणारं एक यंत्र कोरेवाडीच्या ज्युनिअर कॉलेजात येणार असं कळलं, तेव्हा त्यांना कुतूहल वाटलं ते थोडंच. जास्त वाटला तो धंद्यातला मत्सर.

यंत्राचं नाव दर्पण. कॉलेजचा हॉल लहान, म्हणून पालकसभा आनंदी कार्यालयातच झाली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून डॉक्टर गौरी टिळेकर आल्या होत्या. बाई चाळिशीच्या, चपला साध्या, आणि बोलणं समोरच्याला कळेल असं. नलूआत्यांनी तिन्ही गोष्टी जमेला धरल्या.

“आपला चेहरा दिसला की मेंदू दचकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचा, माझा, सगळ्यांचाच. डोळ्याची बाहुली जराशी रुंदावते आणि कपाळामागे विजेची एक बारीक लाट उठते. दर्पणासमोर मुलाला बसवलं की त्याला चेहरे दिसत जातात. शंभर परके चेहरे, आणि मधूनमधून त्याचा स्वतःचा. पहिल्यांदा लाट मोठी. पुन्हा दिसला, लाट लहान. पुन्हा दिसला, आणखी लहान. शेवटी मेंदू म्हणतो, असू दे, हा मीच की. म्हणजे माणसाला स्वतःचा कंटाळा येतो. तो यावाच. काही मुलांना मात्र येतच नाही. पन्नासाव्या वेळीसुद्धा लाट पहिल्याइतकीच. ती किती हळू ओसरते त्यावरून आम्ही आकडा काढतो. त्याला म्हणतो आत्मांक.”

“मग बायकांचा शंभराच्या वरच जायचा,” मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं.

“आधी तुमचाच काढू या, अण्णा,” डॉक्टर म्हणाल्या. “भांग फार नीट पाडलाय तुम्ही.”

हॉल हसला. हशा ओसरल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. ज्या मुलांचा आत्मांक फार जास्त, त्यांच्यात मारामाऱ्या, दुसऱ्याच्या गाड्या पळवणं, तोडफोड, पोरींच्या मागे लागणं, यांचं प्रमाण जास्त दिसलं होतं. “जास्त म्हणजे सगळेच असं करतात असं नव्हे,” त्या बोट वर करून म्हणाल्या. “त्यातली बहुतेक मुलं आयुष्यात कुणाला बोटही लावत नाहीत.” कोरेवाडीने पहिलं वाक्य घरी नेलं. दुसरं खुर्च्यांवरच राहिलं.

योजना अशी होती. आत्मांक ऐंशीच्या वर गेला की मुलाचं नाव लक्ष-यादीत. यादीतल्या मुलाच्या हातून काही घडलं, की रवानगी उन्नयन केंद्रात, दुसऱ्या जिल्ह्यात, वर्षभर. पण एकट्या यंत्राच्या शब्दावर पोराला पाठवायचं किंवा सोडायचं कायद्यात बसेना, म्हणून प्रत्येक वॉर्डात एक साक्षी नेमायचा ठरला. गावातलं एक जाणतं माणूस. त्याने मुलाला पाहावं आणि ‘साक्षीने प्रत्यक्ष पाहिले’ या ओळीखाली अंगठा उमटवावा. तीन नंबर वॉर्डात नलूआत्यांना विचारलं गेलं. त्या आधी नको म्हणाल्या. मग साक्षीचं नाव नगरपालिकेच्या बोर्डावर लागतं असं कळलं, तेव्हा म्हणाल्या, बघू. साक्षी नात्यातला नसावा अशी एक अट होती. ती अट कोरेवाडीत पाळायची तर साक्षी सांगलीहून आणावा लागला असता, म्हणून तिच्यावर काट मारली गेली.

निकाल पालकांच्या फोनवर आले. नलूआत्यांचा धाकटा भाऊ सतीश, खताचं दुकान चालवणारा, त्याच्या फोनवर आलं: ‘आपल्या पाल्याचा आत्मांक ९४. तालुक्यात क्रमांक १.’ त्याखाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. सतीशने ते वाचलं नाही. त्याच्या अधिराजने बालवाडीपासून अकरावीपर्यंत कशातही पन्नाशी गाठलेली नव्हती. सतीशचे डोळे भरून आले आणि त्याने फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

बोर्डाचा निकाल असो, कुस्ती असो, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध येणं असो, कोरेवाडीत आकडा आला की फ्लेक्स लागतो. तो आकडा कशाचा आहे हे विचारायची पद्धत नाही.

संध्याकाळी नलूआत्या भाजी घेऊन स्टँडच्या चौकात आल्या तर वर अधिराज. आताचे फ्लेक्स काही पूर्वीसारखे मुकाट लटकत नाहीत. गॉगल लावलेला बारा फुटी अधिराज हात जोडत होता, डोळा मारत होता, आणि खालून जाणाऱ्याच्या फोनवरून नाव उचलून हाक देत होता, “या नलूआत्या, आशीर्वाद असू द्या!” डोक्यावर सोनेरी अक्षरं: ‘हार्दिक अभिनंदन! चि. अधिराज सतीश बर्गे, आत्मांक ९४, तालुक्यात प्रथम!’ तळाशी शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग.

खरं सांगायचं तर नलूआत्यांनी आधी त्या रांगेत स्वतःला शोधलं. त्या चौथ्या होत्या. खत कंपनीच्या एजंटाच्याही मागे. काळजात बारीकसं काहीतरी टोचलं. मग त्यांनी आकडा वाचला आणि टोचलेलं विसरल्या. साक्षी म्हणून बारीक अक्षरं त्यांनी वाचलेली होती. तिथूनच त्यांनी सतीशला फोन लावला.

“सतू, ते उतरव. आत्ताच्या आत्ता.”

“का गं आक्का? तुझा फोटो चौथा आला म्हणून? अगं, तो एजंट आहे, त्याला पुढं घ्यावाच लागतो—”

“आग लाव माझ्या फोटोला! तो आकडा चांगला नाही. जितका जास्त तितका वाईट.”

“वाईट कसा? तालुक्यात पहिला आलाय की!”

“रक्तातल्या साखरेत कुणी पहिला आला तर पेढे वाटतोस का?”

पलीकडून सतीश बारीक आवाजात म्हणाला, “फ्लेक्सवाला म्हणतो चार दिवस उतरत नाही. यंत्रणेत घातलंय.”

चार दिवस पुष्कळ झाले.

अधिराज सुंदर होता आणि हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं. कार्यालयातल्या वरपक्षाच्या खोलीत आरसा होता, पुरुषभर उंचीचा. तिथं तो तासन्‌तास उभा असायचा. कुणाचंही लग्न असो, बोलावलेलं असो वा नसो, तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि प्रत्येक फोटोत कडेला उभा राहायचा. नवऱ्यामुलींच्या आज्या मागाहून विचारायच्या, हा आपला कोण? पण फोटोतून काढा असं कुणी म्हणालं नाही. नलूआत्यांच्या हिशेबात त्याने आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. झीज झाली असेल तर ती आरशांची.

फ्लेक्सवर पहिली रील केली ती यशोधन निकमने. यशोधन अधिराजच्याच वर्गातला, आत्मांक अकरा, कॉलेजच्या दर्पण-मित्र मंडळाचा अध्यक्ष. भेटेल त्या मोठ्या माणसाच्या पाया पडणारा. नलूआत्यांनी फार पूर्वीच टिपलं होतं की हा पोरगा पाया पडायला वाकण्याआधी डावीउजवीकडे एकदा बघून घेतो. पण म्हणून काय झालं? बघून तर बघून, वाकत होता. त्या रीलमध्ये अधिराज डोळा मारायचा, मागे गाढव ओरडायचं आणि खाली ओळ यायची, ‘स्वतःच्या प्रेमात तालुक्यात प्रथम’. कोरेवाडी हसली. मग आख्खा तालुका हसला.

आणि हसणं संपल्यावर संशय सुरू झाला. अधिराज वाण्याकडे गेला की वाणी काउंटरवरचा फोन उचलून खिशात घालू लागला. वर्गात काही हरवलं तर आधी त्याचं दप्तर, ‘नियम म्हणून’. शेजारच्या सुमनवहिनी पोरीला गच्चीवरून खाली बोलवायला लागल्या. कुणी त्याला अधिराज म्हणेना. “ए प्रथम,” अशी हाक यायची आणि हाक मारणारा डोळा मिचकवायचा.

एके दिवशी नलूआत्या वरपक्षाच्या खोलीत गेल्या तर आरशावर चादर टाकलेली. खाली गादीवर अधिराज, केस तेल न लावलेले, हातात फोन. गाढव ओरडत होतं. संपलं की तो पुन्हा लावत होता.

“चादर कुणी टाकली?”

“थंडी वाजते आरशाला,” तो म्हणाला. हसला नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या स्टँडवर यशोधनच्या स्कूटरची सीट कुणीतरी फाडली. सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली, पण पाहिलं कुणीच नव्हतं. नलूआत्या सहज म्हणून बघून आल्या. चीर एका फटक्यात मारलेली, सरळ, थर्माकोल कापतात तशी. परत येऊन त्यांनी सजावटीच्या सामानाचा खण उघडला. पिवळ्या मुठीचा कटर जागेवर नव्हता.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

आणि मग दर्पणाची दुसरी चाचणी झाली. अधिराजचा आत्मांक आला तेवीस.

“चौऱ्याण्णवचा तेवीस,” डॉक्टर टिळेकर म्हणाल्या. त्या कार्यालयाच्या ओसरीवर चहाचा कप हातात घेऊन बसल्या होत्या आणि चहा पीत नव्हत्या. “योजनेची समिती खूश आहे. पहिलंच यश आहे त्यांचं. सीटचं प्रकरण मिटलं, कारण तेवीसवाला मुलगा असं करूच शकत नाही म्हणे. रविवारी तुमच्याच इथं सत्कार आहे. यशोधन आदर्श युवा आणि तुमचा अधिराज सुधारित युवा. तसा पट्टा घालणार आहेत.”

“तुम्ही खूश दिसत नाही.”

“मी नुसता आकडा नाही पाहिला, नलिनीताई, आलेखही पाहिला.” त्यांनी कप खाली ठेवला. “कंटाळलेला मेंदू हळूहळू शांत होतो. जिना उतरल्यासारखा. याची लाट पहिल्याच वेळी उठली नाही. बाहुली उलट आकसली. चेहरा दिसला की डोळा बाजूला सरकतो, प्रत्येक वेळी. त्याला स्वतःचा कंटाळा आलेला नाही, त्याला स्वतःकडे बघवत नाही. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. आम्ही त्याला फरक शिकवलाच नव्हता.”

“मग सांगा की समितीला.”

“सांगितलं. म्हणाले, अहवालात एकच रकाना आहे.”

नलूआत्यांनी पदराने घाम टिपला. “धोका कुठला मोठा? चौऱ्याण्णव की तेवीस?”

“स्वतःवर खूश असलेलं पोर सहसा कुणाच्या अंगावर जात नाही. त्याला वेळ कुठं असतो? मला भीती वाटते ती वेगळ्या पोराची. स्वतःला डोंगराएवढा समजत होता आणि चारचौघांत त्याचं ढेकूळ करून दाखवलं. तो ढेकूळ करणाऱ्याला शोधतो.” त्या उठल्या. “रविवारी चारपर्यंत तुमचा अंगठा लागेल. सहमत म्हणालात तर तो यादीतून सुटला, बारावीला बसेल. असहमत म्हणालात तर सीटचं प्रकरण पुन्हा उघडेल, आणि केंद्र. वर्ष जाईल आणि नाव कायमचं लागेल. मी तुम्हाला काही सांगणार नाही. तुम्ही त्याला रोज बघता.”

म्हणजे पोराला खड्ड्यात ढकलायचं की गावाला, हे ठरवायचं काम नलूआत्यांवर आलं. बोर्डावरचं नाव महागात पडलं.

रविवारी सकाळी कार्यालयाच्या फाटकावर समितीने नवा फ्लेक्स लावला. त्यावर अधिराज दोन. डावीकडे गॉगलवाला, खाली ‘आधी’. उजवीकडे विस्कटलेल्या केसांचा, मान खाली घातलेला, खाली ‘नंतर’. डावा डोळा मारत होता. उजवा नुसता उभा होता. हा उजवा फोटो काढला कधी आणि कुणी, हे अधिराजलाही माहीत नसावं.

तो मागच्या दाराने आला. नलूआत्यांनी त्याला कोठीच्या खोलीत घेतलं, दाराला आतून कडी लावली आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

“कटर दे.”

तो भिंतीकडे बघत राहिला. मग पँटच्या खिशातून पिवळी मूठ काढून त्याने पोत्यावर ठेवली.

“सीट मी फाडली,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्यात एक साक्षी आहे आणि एक आत्या आहे. दोघींचं जमेना.” त्यांनी कटर कनवटीला खोचला. “आज हा कशाला आणलास?”

“नुसता खिशात असतो. बरं वाटतं.” त्याने हॉलच्या दिशेला मान उडवली. “आत्या, तो माइकवर आहे आज. सूत्रसंचालन त्याच्याकडंच. तो माझं नाव घेताना ‘प्रथम’ म्हणणार. मुद्दाम म्हणणार, आणि सगळे हसणार. मग माझ्या हातून काय होईल ते मला नाही सांगता यायचं. खरंच नाही. माझा मलाच भरवसा नाही.”

गेल्या दोन महिन्यांत कोरेवाडीत कुणीही बोललेलं हे पहिलं खरं वाक्य, असं नलूआत्यांना वाटलं.

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या. “गाव पाठीमागं घेतं तो संशय मी तुझ्या तोंडावर घेते. मला वाटतं, तू आज त्या पोराला काहीतरी करणार.”

अधिराजने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. असा संशय त्याच्या वाट्याला अजून आलेला नव्हता.

बाहेर स्वयंपाक्याने हाक दिली, “आक्का, कट उकळला! वाढपी तिघेच आलेत, आमटीला कोण?”

बाकीच्या कार्यालयांत आता वाढपी गाड्या फिरतात. पानासमोर थांबतात, मोजून टाकतात, पुढे जातात. आनंदी कार्यालयात अजून माणूस वाढायचा, आणि त्यातही एक जुनी रीत होती. कटाची आमटी घरच्याच माणसाच्या हाती द्यायची. वर तेलाचा तवंग, खाली उकळता कट. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून ती बादली जाते, आणि पंगतीला बसलेला माणूस वर बघत नाही. त्याने डोकं भरवशावर खाली घातलेलं असतं.

“स्टेजवर जायचं नाही,” नलूआत्या म्हणाल्या. “शर्टाच्या बाह्या वर कर. आमटी तू वाढायचीस.”

“त्याच्या रांगेत?”

“सगळ्या रांगांत. त्याची रांग काय आभाळातून पडलीय?”

“आणि सांडली तर?”

“तर चारला मी असहमत म्हणेन, आणि मग पोलिसांत तुझ्याशेजारी येऊन बसेन. दोन्ही करीन.”

त्याने एकेक करून बाह्या वर केल्या. “तू बघणार आहेस?”

“डोळा हलवणार नाही.”

हे धाडस नलूआत्या करत होत्या ते दुसऱ्याच्या पोराच्या कातडीवर. त्यांना ते कळत होतं. खर्चाच्या बाजूला त्यांनी ते मांडलं आणि तसंच राहू दिलं. दुसऱ्या बाजूला लिहायला त्यांच्याकडे फक्त एक खरं वाक्य होतं.

स्टेजवर शाली झाल्या, नारळ झाले. डोक्यावर ड्रोनवाल्याचा भुंगा घुमत होता. “आणि आता,” यशोधनचा गोड आवाज आला, “ज्यांची आपण सगळेच वाट बघतोय, ते आपले लाडके, तालुक्यात प्रथम—” हशा सुरू झाला. पहिल्या रांगेत सतीश हसत नव्हता. तो हातातला नारळ दोन्ही हातांनी दाबत होता. नलूआत्या स्टेजपाशी गेल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, “अधिराज कामात आहे. पट्टा खुर्चीवर ठेवा.” यशोधन वाकून त्यांच्या पाया पडला. आधी डावीकडे बघून, मग उजवीकडे.

पंगत बसली. अधिराजने बादली उचलली.

पहिल्या रांगेत त्याचं ओगराळं थरथरत होतं आणि आमटी वाटीच्या कडेने ओघळत होती. नलूआत्या मधल्या खांबाला टेकून उभ्या होत्या, दृष्टी त्याच्या मनगटावर. “थोडी,” “बास बास,” “वरचा तवंग नको, बाबा,” “आम्हाला तवंगच द्या.” मान वर करून बोलत कुणीच नव्हतं. वाढणाऱ्याला वाट्या दिसतात, जेवणाऱ्याला ओगराळं. दुसऱ्या रांगेच्या शेवटापर्यंत अधिराजचं मनगट स्थिर झालं. बाहूला घाम होता, पण धार सरळ पडत होती. कुणी तरी न बघताच म्हणालं, “वाढप्या चांगला मिळाला हो.”

तिसऱ्या रांगेत खांबाजवळच यशोधन, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात.

“अरे! थांब थांब थांब!” त्याने फोन वर धरला. “बघा मंडळी, तालुक्यात प्रथम, आता आमटीवर! एकदा डोळा मार की रे. एकदाच. तेवीसवाला डोळा.”

शेजारची दोघं खिदळली. अधिराज वाकलेला होता तो सरळ झाला. ओगराळं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. ते वाटीच्या वर होतं. मग वाटीच्या वर नव्हतं, फोन धरलेल्या हाताच्या वर होतं. तिथं ते थांबलं.

अर्ध्या तालुक्याला आयुष्यभर डोळ्यात तेल घालून बघणाऱ्या नलूआत्यांनी त्या क्षणी डोळे मिटले. ठरवून नव्हे. मिटले गेले.

खिदळणं बंद झालेलं त्यांना ऐकू आलं. मग काहीच नाही. मग बादलीच्या कडेवर ओगराळं आपटल्याचा आवाज, आणि अधिराजचा आवाज, कोरडा:

“आणखी?”

त्यांनी डोळे उघडले. यशोधनची वाटी गच्च भरलेली होती. फोन मांडीवर पडला होता. अधिराज पुढच्या पानावर वाकला होता आणि एका म्हातारबाबांना विचारत होता, तवंग चालेल का. यशोधन आपल्या कुर्त्याच्या बाहीकडे बघत होता. मनगटाशी पिवळा डाग, हरभऱ्याच्या डाळीएवढा. भरलेल्या ओगराळ्यातून एखादा थेंब कुणाच्या हातूनही उडतो. त्यात काही नाही. आणि असलं तर त्यात पुष्कळ आहे. यशोधन एक शब्द बोलला नाही, आणि तो बोलला नाही हेही नलूआत्यांनी टिपलं.

पंगत उठल्यावर अधिराज रिकामी बादली घेऊन त्यांच्यासमोर आला. चेहरा वाफेने लाल झाला होता, केस कपाळाला चिकटलेले.

“बघितलंस ना?”

“बघितलं.”

“सगळं?”

नलूआत्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. पोरगं कौतुक मागत नव्हतं. तिथं काय घडलं ते आपल्याखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक असावं, एवढंच त्याला हवं होतं.

“सगळं,” त्या म्हणाल्या.

तो हात धुवायला गेला. बेसिनवर छोटा आरसा होता, तिथं चादर टाकायचं राहून गेलं होतं. त्याने मान वर केली. आरशात बघितलं. ओल्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि पुढे गेला. अल्बमचं पान उलटल्यासारखा.

चारला डॉक्टर टिळेकरांनी अंगठ्यासाठी स्क्रीनची पाटी पुढे केली. ‘साक्षीने प्रत्यक्ष पाहिले.’ खाली दोन चौकोन.

“काय पाहिलंत?” डॉक्टरांनी विचारलं. संशयाने नव्हे, उत्सुकतेने.

“पंगत,” नलूआत्या म्हणाल्या, आणि सहमतच्या चौकोनावर अंगठा टेकवला. पाटी हिरवी झाली. दारात उभ्या असलेल्या सतीशने डोळे पुसले. “फ्लेक्स लावलास तर याद राख,” नलूआत्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रोनवाल्याने पंगतीचं चित्रण पाठवलं. वरून घेतलेलं, तिन्ही रांगा स्वच्छ, प्रत्येक वाटी, प्रत्येक हात. सोबत निरोप होता, तिसऱ्या रांगेत एक गंमत आहे आत्या, बघाच. नलूआत्यांनी बोट त्या फाईलवर नेलं आणि तिथंच थांबवलं. मग फोन खाली ठेवून त्या वरपक्षाच्या खोलीत गेल्या आणि मोठ्या आरशावरची चादर काढून धुवायला टाकली.

ती फाईल त्यांनी अजून उघडलेली नाही. पुसलेलीही नाही.